व्याही, विहीण आणि धोपटणं

भिण्याच्या कामात आमच्या व्याह्यांचा हात धरील असा माणूस मला आजवर भेटलेला नाही. जग सापाला भितं, विंचवाला भितं, फार तर भुताला भितं. आमचे व्याही इस्त्रीला भीत. लिफ्टला भीत. डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याला भीत आणि बंद पंख्याला जास्त भीत, कारण "फिरतोय तोवर तो कामात असतो." गच्चीला कठडा नसेल तर भीत, आणि असेल तरी भीतच, म्हणायचे, "कठडा दिसला की माणूस टेकतो, विहीणबाई. टेकला की संपला." कुकरची पहिली शिट्टी ते मुकाट्याने सोसत, दुसरी व्हायच्या आत अंगणात जाऊन उभे राहत. आणि असा हा माणूस, माझ्या एकुलत्या लेकीचा सासरा, उतारवयात आमच्या ज्येष्ठांच्या वसाहतीतला वायरमन, प्लंबर आणि सुतार झाला. कोणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता. लोकांना नवल वाटे. मला कधी वाटलं नाही. ज्याला प्रत्येक वस्तूत यमाचा रेडा दडलेला दिसतो, तो ती वस्तू उघडून बघितल्याशिवाय जेवायला बसेलच कसा?

ही तऱ्हा आम्हाला लग्नाच्या मांडवातच कळायला हवी होती. आम्ही पिंपळगाव बसवंतची, कांदा-द्राक्षांच्या व्यापारातली माणसं. ऐन मुहूर्ताला अंतरपाट धरलेला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, आणि वरपिता जागेवर नाहीत. निरोप आला की ते मांडवामागे उभे आहेत आणि "असं लग्न लागायचं नाही" म्हणताहेत. आमच्याकडच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. आमच्या ह्यांना वाटलं, मानपानात काही राहिलं. ते बोटातली अंगठी काढत धावले. व्याह्यांनी अंगठीकडे पाहिलंसुद्धा नाही. मांडवाच्या लोखंडी खांबाला टेस्टर लावून ते उभे होते. म्हणाले, "अंगठी राहू द्या, वायरमनला बोलवा. हॅलोजनची वायर उघडी आहे, सगळं वऱ्हाड चिकटेल." मुहूर्त टळला, वऱ्हाड वाचलं. मी मात्र पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की मुलाकडचे रुसले होते. रुसणारा व्याही मुलीच्या आईला समजतो. टेस्टर लावणारा कुठल्या खणात ठेवायचा, हेच तिला कळत नाही.

पुढे आमचे हे गेले. घर भलं मोठं आणि आत मी एकटी. भिण्यात मीही कमी नव्हते, फक्त माझं भिणं अडाणी होतं. माळ्यावर उंदीर पळाला की मला दरोडेखोरांची टोळी ऐकू यायची, हायवेवर टेंपोचा टायर फुटला की मी देवघरात. लेक ठाण्याला. म्हणाली, "आई, इकडे ये." पण लेकीच्या घरी जन्म काढायची आमच्यात रीत नाही, आणि त्यातून अकरावा मजला! म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकबाहेर, गंगापूरच्या अंगाला, द्राक्षबागांच्या मधोमध नव्याने बांधलेल्या वसाहतीत तळमजल्यावरचं लहानसं घर घेतलं. भाऊबंद म्हणाले, "वृद्धाश्रमात गेली." मलाही तसंच वाटत होतं, कितीतरी दिवस मी ट्रंक उघडली नाही. साठी नुकती उलटलेली तरणीताठी बाई मी, पण गीझरचं बटण दाबायला बागेतल्या माळीणबाईला हाक मारायची. ती मखमलाबादची, सकाळी बाजारात फुलं विकून मग आमच्याकडे कामाला यायची. म्हणायची, "आजी, बटन हाय ते. इच्चू नाय."

वर्षभराने व्याही आले. त्यांचं कुटुंब वारलं होतं आणि ते मुलाच्या अकराव्या मजल्यावर राहत होते, म्हणजे खरं तर अडकले होते. लिफ्टच्या भीतीने खाली उतरत नसत, जिन्याने उतरलेच तर वर चढायची छाती होत नसे. शेवटी त्यांनी हट्टच धरला, जिथे तळमजला तिथे मी. आणि तळमजला मिळाला तो नेमका माझ्या समोरचा. अहो, मुलाकडची मंडळी वर्षातून एकदा येतात तर घर डोक्यावर घ्यावं लागतं. इथे व्याही रोज सकाळी तोंडात ब्रश घालून समोर उभे! मी गाऊन ट्रंकेत टाकला. आंघोळ करून, इस्त्रीचं पातळ नेसून मगच दुधाच्या पिशवीसाठी दार उघडू लागले. रोज वाटीभर काहीतरी गोड त्यांच्याकडे धाडू लागले. शेवटी तेच म्हणाले, "विहीणबाई, साखरेने मारू नका. बाकी पुष्कळ गोष्टी टपलेल्या आहेत."

आणि अशात माझ्या संडासाची टाकी गळायला लागली. मी खाली बादली लावली आणि तोंडाला कुलूप. मुलाच्या बापाने आपल्या संडासात शिरायचं? पण समोरच्या घरात बसून त्यांना थेंब ऐकू गेला. दारात येऊन म्हणाले, "पाणी भिंतीत मुरेल. भिंतीतून वायरिंगला जाईल. मग तुम्ही नाही, मी नाही आणि भिंतही नाही." असं म्हणून ते आत शिरले आणि मी लाजेने बाहेर कढीपत्त्यामागे जाऊन उभी राहिले. टाकीचं पाणी थांबलं. माझ्या डोळ्यांचं थांबेना.

नोकरीभर त्यांनी नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात यंत्रांची देखभाल केलेली. तिथे बाहेर पडताना रोज झडती. ती सवय अंगात इतकी मुरली होती की कोणाचा साधा नळ बसवून झाला तरी ते दारात थांबत आणि दोन्ही खिसे उलटे करून दाखवत. कामाची पद्धतही तशीच. आधी घरातली माणसं बाहेर काढायची. मग मेन स्विच बंद. मग टेस्टर. मग टेस्टरचा भरवसा नाही म्हणून दुसरा टेस्टर. पायात रबरी चपला, चपलांखाली लाकडी पाट. आणि पाठीमागे एक माणूस, हातात कपडे बडवायचं लाकडी धोपटणं घेऊन. "करंटने मला धरलं तर हात लावायचा नाही, तुम्हीही चिकटाल. लाकडाने फटका द्यायचा. जोरात. भीडभाड ठेवायची नाही." हे पाठीमागचं माणूस म्हणजे मी, कारण बाकीच्यांना एक तर ऐकू कमी यायचं नाहीतर उभं राहवत नसे. एकदा मी विचारलं, "मेन बंद, दोन टेस्टर लावले, मग धोपटणं कशाला?" म्हणाले, "मेन बंद आहे हे कोणी सांगितलं? स्विचने. स्विच कोणी बसवला? माणसाने." मी धोपटणं घट्ट धरलं.

पण वसाहतीत खरी भीती एकाच गोष्टीची होती आणि तिचं नाव कोणी काढत नसे. ज्याला आपलं आपण करता येईनासं होई, त्याच्या मुलांना वसाहतीच्या ऑफिसातून फोन जाई. मग एखाद्या रविवारी गाडी येई आणि त्याला घेऊन जाई. माझ्या वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांसाठी अशीच आली. त्यांची खुर्ची टपावर बांधली, आणि मास्तर मागच्या सीटवरून काचेतून आमच्याकडे बघत राहिले. हात काही हलवला नाही. त्या दिवशी सगळ्यांच्या सामायिक जेवणघरात कोणी दुसऱ्यांदा भात मागितला नाही. "मला नेतील तर अकराव्या मजल्यावर," व्याही म्हणाले, आणि हातातला घास ताटात परत ठेवला.

मग ती उन्हाळ्यातली दुपार. माझ्या स्वयंपाकघरातली ट्यूब लुकलुकायची. व्याही स्टुलावर चढले, मी पाठीमागे धोपटणं सरसावून. ते पट्टी सोडवत होते आणि एकाएकी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत. स्क्रू ड्रायव्हर पट्टीवर टकटक वाजायला लागला. धरलं! करंटने धरलं! मी सप्तशृंगीचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि सगळा जोर एकवटून व्याह्यांच्या मांडीवर मागून फटका हाणला. सुटले नसतील म्हणून आणखी एक हाणला. मुलीच्या आईने मुलाच्या बापाला धोपटणं! माझ्या माहेरी-सासरी कोणाच्या स्वप्नातही हे आलं नसेल.

व्याही स्टुलावरून घसरत जमिनीवर येऊन बसले. बराच वेळ मांडी चोळली. मग शांतपणे म्हणाले, "विहीणबाई, मेन बंद आहे. शिवाय लोडशेडिंग चालू आहे. सबंध तालुक्यात करंट नाही."

मी पदर तोंडात कोंबून हसत सुटले. हसता हसता माझं लक्ष खाली गेलं. हात मांडीवर होता आणि तो अजून थरथरत होता. वायर वर, हात खाली, तालुक्यात करंट नाही. त्यांनी त्यावर डावा हात ठेवला, तर डावाही हलायला लागला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून." मग म्हणाले, "सूनबाईंचा दर रविवारी फोन येतो ना तुम्हाला?"

एवढंच. सांगू नका असंही म्हणाले नाहीत. भित्रा माणूस मी किती वर्षं पाहत होते. घाबरलेला त्या दिवशी पाहिला. आणि मीही अशी घाबरले की माझे सगळे दरोडेखोर परवडले. आज त्यांचा हात, उद्या माझा गुडघा.

नाशिकच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थरथर कमी झाली, गेली नाही. रविवारी लेकीचा फोन आला. "बाबा कसे आहेत गं?" "ठणठणीत." "तुझा आवाज असा का येतोय?" "लाईन खराब आहे," म्हणून मी फोन ठेवून दिला आणि घामाघूम होऊन खाली बसले.

तेव्हापासून व्याही खुर्चीवर आणि मी पाटावर. जी बाई गीझरचं बटण दाबत नव्हती, तिच्या हातात पाना! "आवळा. अजून. बास! बास म्हटलं की थांबायचं, विहीणबाई, लाडू वळत नाही आपण." पहिला नळ मी असा आवळला की तो उघडायला शेजारचे दोघे बोलवावे लागले. त्यांच्या थरथरीपेक्षा माझीच जास्त असायची. वसाहतीच्या मॅनेजरला शंका आली. "आजी, हत्यारांची पिशवी तुमच्या हातात आणि काका खुर्चीवर, हे कसं?" मी म्हटलं, "अहो, मुलाकडचे आहेत ते! व्याह्यांचे हात काळे करायला लावले तर मला गावात तोंड दाखवता येईल का?" बिचारा ऑफिसात परत गेला. ज्या मानपानाने मला जन्मभर छळलं, त्याला मी असं कामाला जुंपलं. बाकी म्हाताऱ्यांच्या लक्षात आलं होतंच. पण कोणी चकार शब्द काढला नाही. उलट मला आपापल्या घरची धोपटणी आणून दाखवायचे, "हे जास्त वजनदार आहे" म्हणून.

दोन पावसाळे असे निभावले. मग एका रविवारी, न कळवता, जावई आले. थेट जेवणघरात आमच्या टेबलाशी येऊन बसले. व्याह्यांनी दोन्ही कोपरं टेबलाला दाबून धरली आणि कोरडी पोळी मोडत राहिले. जावई म्हणाले, "बाबा, भात घ्या ना. आमटी गार होतेय." सगळं जेवणघर कान देऊन बसलेलं. व्याह्यांनी वाटीला हात घातला आणि वाटी ताटावर वाजायला लागली. वाजतच राहिली. मी काही ठरवलं नव्हतं, पण माझा हात पुढे गेला. त्यांचं ताट ओढलं, आमटी भातावर ओतली, मऊ कालवली, त्यात चमचा खोवला आणि ताट परत सरकवलं. मान वर केली नाही.

"आई," जावई हळूच म्हणाले, "हे कधीपासून?"

"झाली दोन वर्षं. औषध चालू आहे." मी माझ्या ताटातला भात कालवायला घेतला. "ते सांगतात, मी करते. इथे रोज काहीतरी बिघडतं, त्यांना बघायला पुष्कळ आहे. तुमच्याकडे सगळं नवंकोरं. तिथे ते दिवसभर काय करतील? नुसते भीत बसतील."

जावई जेवले, ऑफिसात जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं कोणास ठाऊक. व्याही आणि मी फाटकापाशी उभे; टपावर बांधायला दोरी काढतात का, तेवढंच मी बघत होते. जावई गाडीत बसले, काच खाली केली आणि बापाकडे न बघता म्हणाले, "बाबा, आमचा मिक्सर बिघडलाय. पुढच्या खेपेला घेऊन येतो."

व्याही गाडीच्या खिडकीशी वाकले. मग म्हणाले, "आधी प्लग काढ. मग हात लाव."

मिक्सर आला. त्यांनी सांगितलं, मी जोडला. कुठली तरी वायर कुठे तरी गेली, आणि तेव्हापासून तो एकवर ठेवला की तीनच्या जोराने उसळतो आणि तीनवर ठेवला की आस्ते फिरतो. मी पुन्हा खोलू म्हटलं तर व्याही म्हणाले, "असू द्या. सावध राहतील."

त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ज्याला ज्याला म्हणून ते भ्याले, त्यातलं काहीएक त्यांच्या वाटेला आलं नाही. दुपारी जेवून, इथेच, तळमजल्यावर आडवे झाले ते उठले नाहीत. लेकीकडे नवा मिक्सर आहे, पण तो जुना तिने टाकलेला नाही. दाण्याची चटणी त्यातच होते. तेवढ्यापुरते जावई स्वतः ओट्यापाशी येतात, सगळ्यांना लांब व्हायला सांगतात, बटण तीनवर फिरवतात आणि हळूच एक पाऊल मागे सरतात.