सूर्याला कॉक नसतो

आमच्या गच्चीवर सोलर बसवून नऊ वर्षं झाली. नळ उघडला की गरम पाणी येतं, यापलीकडे मी त्याचा कधी विचार केला नव्हता. गेल्या हिवाळ्यात पाणी आधी कोमट झालं, मग धार करंगळीएवढी झाली.

अडलं ते सासूबाईंचं. त्या ब्याऐंशीच्या. गुडघे गेलेले, पण अंघोळ स्वतःची स्वतः, स्टुलावर बसून, आतून कडी लावून. नळाला गरम पाणी असेल तरच हे जमतं. गॅसवर तापवलेली बादली मला आत न्यावी लागे, आणि ओल्या फरशीवर ती ठेवून बाहेर यायची माझी हिंमत होत नसे. चार दिवस मी तांब्या घेऊन शेजारी उभी राहिले. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "मी काय देव आहे, दुसऱ्यानं अंघोळ घालायला?" सहाव्या दिवशी त्यांनी अंघोळच केली नाही.

मी प्लंबरला फोन केला. तो सिन्नरचा, माझ्याच वयाचा.

"ताई, उद्या पहाटे येतो. दोन जाड गोधड्या काढून ठेवा."

"गोधड्या कशाला?"

"गॅस बंद करता येतो, लाइट बंद करता येते. सूर्याला कॉक नाय. झाकावाच लागतो."

उजाडायच्या आत आम्ही काचेच्या नळ्यांवर गोधड्या टाकल्या आणि टाकीचा खालचा कॉक सोडला. तांदळाच्या धुवणासारखं पाणी आलं, मागोमाग पांढरे पापुद्रे. मग त्यानं पहिली नळी उपसून उलटी केली. आतून पांढऱ्या दगडाची एक वाटी पडली. गोल, नळीच्या बुडाचा हुबेहूब साचा. कडेला कांद्यासारखे पदर दिसत होते. बोअरच्या पाण्यात क्षार असतात हे शाळेत शिकले होते. पण तेच स्वच्छ दिसणारं पाणी नऊ वर्षं आमच्या डोक्यावर आवाज न करता दगड घडवत होतं, हे हातात घेतल्यावर कळलं. मी ती वाटी फेकली नाही.

पंधरा नळ्या लिंबूसत्वाच्या पाण्यानं धुवून परत बसवेपर्यंत दहा वाजले. मी पाणी सोडायला हात पुढे केला, तर तो म्हणाला, "थांबा."

गोधड्या चौदा नळ्यांनाच पुरल्या होत्या. शेवटची नळी तासभर रिकामी उन्हात होती.

"हात लावून बघा."

लावला. बाहेरून गार. "काय झालंय हिला?"

त्यानं ती बाहेर काढली आणि बोटं ओली करून आत दोन थेंब उडवले. चर्र झालं आणि नळीच्या तोंडातून वाफ निघाली. मी पुन्हा हात लावला. काच गारच.

"काच दुहेरी, मधे हवा नाय, म्हणून आतली धग बाहेर येत नाय. आता पाणी सोडलं असतं तर तडकली असती. मग टाकी भरली काय अन् नाय भरली काय, सगळं गच्चीवर."

माझ्या अंगात स्वेटर होता. त्याच थंडीतल्या, त्याच उन्हानं हातभर अंतरावर पाणी चरचरत होतं.

पाणी आम्ही ऊन उतरल्यावर सोडलं. ते तापायला अख्खा दिवस लागणार होता, म्हणून दुसऱ्या सकाळी पुन्हा बादली. सासूबाईंनी ती भिंतीकडे तोंड करून सोसली. नंतर मी त्यांना दगडाची वाटी दाखवली.

"हे आपण अंगावर घेत होतो?"

"नाही, हे वरच राहिलं."

"मग माझ्या गुडघ्यात कुठून आलं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी नळ भरून वाहिला. त्या आत गेल्या, कडी लागली. मी दाराबाहेर उभी होते. उंबऱ्यापाशी पाय गारठत होते, आणि दाराच्या फटीतून वाफ येत होती. काल दुपारचं ऊन आत बादलीत पडत होतं, रात्रभर टाकीत थांबून.

"गेलीस का, का दारातच उभी आहेस?" आतून आवाज आला.

मी चहा टाकायला गेले.