मामा तलाव कोणत्या मामाचा?

कादंबरीचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं आणि जिच्यावर ती उभी आहे ती जागा मी कधी पाहिलीच नव्हती. गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीला, आईच्या माहेरी, एक 'मामा तलाव' आहे. तिचा भाऊ ऐन विशीत तापाने गेला. लहानपणी ते नाव ऐकून मी विचारलं होतं, "आपल्या मामाचा तलाव?" आई "हो" म्हणाली. तेवढ्या भांडवलावर मी अख्खी कादंबरी रेटली. गोष्ट सांगणारी सात वर्षांची मुलगी, तलाव म्हणजे गेलेला मामा, उन्हाळ्यात पाणी आटलं की आठवणी उघड्या पडतात, वगैरे. आई आता नाही. प्रकाशकाला देण्याआधी एकदा बघून येऊ म्हणून पुण्याहून रेल्वे पकडली.

गोंदियाला उतरताच कानावर हिंदी. "मॅडम, नवेगाव बांध जाना है तो बस स्टँड चलो," म्हणत रिक्षावाल्याने बॅग उचललीसुद्धा. कोहमाऱ्यावरून जाणारी एसटी घ्या. रस्ता बरा आहे, शेवटी शेवटी जंगल लागतं. नवेगावला मुक्काम केला. हिवाळ्यात जा, पक्षी दिसतात. जेवायला तळ्यातल्या मासळीचा रस्सा आणि भात मिळाला, दोन्ही वेळा. माझी काही तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी केशोरी. आईची थोरली बहीण, माझी मावशी, अजून तिथेच असते. चहा होताच तिला घेऊन तलावावर गेले. धानाच्या बांध्या, मातीची पाळ, कमळाची पानं. मी लिहिला होता त्याहून पुष्कळ लहान. पाळीवर पाटी होती: 'मा. मा. तलाव'. ती टिंबं मला खटकली.

"मावशी, मामाच्या नावाचा आहे ना हा?"

"कोन्या मामाच्या?" ती बघतच राहिली. "अवो, मा. मा. म्हंजे माजी मालगुजारी! मालगुजारी म्हंजे जुनी जमीनदारी. आपल्याच जुन्या लोकायनं खोदला, मंग सरकारात गेला. पुन्यात हेच शिकवून राहिले का तुमाले?"

ती पोटभर हसली. मला रडू यायचं बाकी होतं. कादंबरीचा पायाच एका सरकारी लघुरूपावर! घरी येऊन तिला सगळं सांगितलं. "वाचून दाखव," म्हणाली. अंगणात बसून तलावाचं प्रकरण वाचलं. ती भाजी निवडत ऐकत होती.

"तलाव बरा लिवला," ती म्हणाली. "पन माह्या भावाले नुसता मामा मामा काऊन म्हनून राहिली? त्याले नाव नाई का?"

मला नाव माहीतच नव्हतं. आईने कधी सांगितलं नाही.

"तिच्याच्यानं घेवतच नोतं. मी नाव घेतलं का ते उठून जाये. तू तलावाले मामा म्हनली, तवा तिले सोपं गेलं असन." मग थांबून म्हणाली, "यादोराव."

परतीच्या गाडीत तलाव कादंबरीतून काढून टाकायचा विचार केला. पुण्यात आल्यावर मात्र ठेवला. सात वर्षांच्या मुलीची चूकही तशीच ठेवली, कारण त्या चुकीच्या आडून आई भावाबद्दल निदान एक 'हो' तरी म्हणू शकली. फक्त शेवटच्या प्रकरणात ती मुलगी मोठी होऊन पाटी वाचते. पहिली ओळ लिहिली, 'माझ्या मामाचं नाव यादोराव,' आणि मोठ्याने वाचली. आमच्या घरात ते नाव पहिल्यांदाच कोणी घेतलं.