अर्धा शाप माझा

त्या दुष्काळात गावाजवळचा ओढा कोरडा पडला आणि आम्हां पोरींना लढाईला मैदान मिळालं. परंड्याला जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडंच तो ओढा होता. राजे, राक्षस आणि ऋषी असा आमचा खेळ. तुराट्यांच्या तलवारी, डब्याच्या झाकणांच्या ढाली. खेळ मीच काढलेला, त्यामुळं ऋषी कायम मी. तलवार लागली तर पोरगी जरा वेळ बाजूला बसायची, पण शाप लागला की लढाई संपेपर्यंत सुटका नसायची. शाप खरं तर पाणी शिंपडून द्यायचा. पण प्यायलाच पाणी नव्हतं, म्हणून मी फुफाट्याची मूठ उधळायची. "दगड हो" म्हटलं की समोरची जागच्या जागी थिजायची. "लंगडी हो" म्हटलं की खाली बसायची. माझी मूठ वळलेली दिसली तरी पोरी मागं सरायच्या. माझ्याच वयाची आत्येबहीण तेवढी माझ्या पाठीशी उभी असायची. आमची घरं शेजारी, शाळेत बसायला एकच पट्टी. तिला दुसरी मैत्रीण नव्हती आणि मलाही नको होती.

मग रस्त्याचं दुष्काळी काम निघालं. खडी फोडायला आलेल्या बाहेरगावच्या माणसांनी ओढ्याच्या काठाला पालं टाकली. त्यांच्यातली एक मुलगी काठावर बसून आमची लढाई बघायची. एका दिवशी ती खाली उतरली. कामावर खायला मिळालेली सुकडी, म्हणजे गोडसर कोरडं पीठ, तिच्या ओच्यात होती, ती तिनं सगळ्यांना चिमूट चिमूट वाटली. मग मला म्हणाली, "शाप देतीस, मग उःशाप का देत न्हायस?"

"खेळात नसतोय," मी म्हणाले.

"कथेत तर असतोय की. शाप पुसता येत न्हाय, पर हलका करता येतोय."

आणि तिनं वाळूत बसून नियम सांगितला. जिला शाप लागला तिच्या बाजूच्या कुणीतरी धावत यायचं, तिचा हात धरायचा आणि म्हणायचं, "अर्धा माझा." मग शाप दोघींत वाटला जातो. लंगडी असेल तर दोघींनी एकेका पायावर लढायचं. तिसरी आली तर आणखी हलका. मात्र हात धरणारीलाही तो शेवटपर्यंत सोसावा लागतो.

"ह्ये लई बेस हाय," आत्येबहीण म्हणाली. माझ्याकडं न बघताच म्हणाली.

नियम चांगला होता. तो मला सुचला नव्हता, हेच मला डाचत होतं. त्या रात्री जेवताना मी मनातल्या मनात त्यात खोट शोधत होते आणि खोट सापडत नव्हती. दुसऱ्या दिवशी आत्येबहिणीच्या वेणीची लाल रिबीन त्या मुलीच्या वेणीत दिसली. ती रिबीन आम्ही दोघींनी मिळून सोनारीच्या जत्रेत निवडली होती.

त्या दिवशी आत्येबहीण तिच्या बाजूला गेली. मी सगळ्यात कडक शाप राखून ठेवला आणि त्या मुलीच्या अंगावर मूठ उधळली, "आंधळी हो!" धुरळा खाली बसायच्या आत आत्येबहिणीनं तिचा हात धरला. "अर्धा माझा." मग दुसरी आली, तिसरी आली. शाप इतका पातळ झाला, की त्यांना नुसता एक डोळा मिचकावत लढायचं राहिलं. सगळ्या डोळे मिचकावत, खिदळत माझ्यावर चालून आल्या. माझ्या बाजूच्या पोरींनासुद्धा हसू आवरेना. आम्ही हरलो.

पुढच्या वेळी सगळ्यांनी ऋषी म्हणून तिला उभं केलं. तिनं मूठ माझ्यावर टाकली. "मुकी हो."

मी उभी राहिले. माझ्या बाजूची एकही पुढं येईना. पलीकडून आत्येबहिणीनं एक पाऊल टाकलं आणि ती थांबली, कारण ती शत्रूच्या बाजूची होती. लढाई तशीच थबकली. शेवटी ती मुलगीच चालत आली आणि तिनं माझा हात धरला. खडी उचलून तळवा खरखरीत झालेला.

"अर्धा माझा," ती म्हणाली.

"तू तर दुश्मन हायस," आत्येबहीण म्हणाली.

"दुश्मनाला बी चालतंय. आजपासनं."

अर्धं मुकं म्हणजे कुजबुजायला परवानगी. ती माझ्या कानाशी लागली. "बोल की काय तरी."

मला काही बोलायचं नव्हतं. ती वाईट वागली असती तर मला तिचा राग तरी करता आला असता. तेवढंही तिनं माझ्यापाशी ठेवलं नाही. बाकीच्या पोरी तिच्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या, ती नजर मला हवी होती.

काम पुढं सरकलं, तशी पालं उठली. आत्येबहीण त्या मुलीला रस्त्यापर्यंत पोचवायला गेली. मी गेले नाही, परसात भांडी घासत बसले. ती परतली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. माझ्याजवळ बसून तिनं मूठभर राख उचलली आणि ताट घासू लागली.

"तुला ती आवडत नव्हती, व्हय ना?"

"न्हाय."

"मला लई आवडायची."

"म्हायतीय."

आम्ही भांडी उन्हात पालथी घातली. मग तिनं विचारलं, "उद्या ओढ्यात यायचं का?"

"नियम कुणाचा?" मी विचारलं.

"तिचाच. दुसरा आता कुणी खेळायची न्हाय."

मी यायला हो म्हटलं. ती माझ्या बाजूनं लढेल की नाही, हे मात्र मी विचारलं नाही.