योद्धा, जादूगार, चोर आणि आमचे बापू

पाईपचं दुकान चालवलं की तुकडे साचतात. गिऱ्हाईक लागेल तेवढा पाईप कापून नेतं, उरलेला हातभर तुकडा कोपऱ्यात पडतो. फेकायला जीव होत नाही आणि विकायला गिऱ्हाईक मिळत नाही. आमच्या रविवारच्या खेळातले किस्सेही असेच साचलेत. आज त्यातले चार-दोन बाहेर काढतो, तेवढाच कोपरा मोकळा!

चौसाळ्याला हायवेच्या कडेला माझं दुकान. इंजिनिअरिंग पुण्यात केलं, त्यामुळं सगळे मला ‘इंजिनेर’ म्हणतात. पाईपला सोल्युशन लावतानासुद्धा! पुण्याच्या होस्टेलवरून मी डिग्री आणली आणि हा खेळ आणला. कामाला आला तो खेळ.

खेळ सोपा. एकानं गोष्ट सांगायची: जंगल, किल्ला, राक्षस. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि काय करायचं ते ठरवायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा सांगतो. गोष्ट मी सांगतो. पात्रांचे प्रकार असतात, त्यांना क्लास म्हणतात: योद्धा, जादूगार, चोर, वैद्य. आणि यातला कुठला क्लास भारी, यावरून जगभर भांडणं चालतात. आमच्याकडंही चालतात, फक्त गिऱ्हाइकांनी ठेवलेली सोयाबीनची पोती आणि पाईपांची बंडलं यांच्यामध्ये बसून.

*

सुरुवातीला आम्ही चौघंच. शेजारी वेल्डिंगचं वर्कशॉप असलेले शकीलभाई योद्धा झाले. “जास्त डोकं लावायचं काम नको. हाणा म्हणलं की हाणतो!” दिगंबर, म्हणजे आमचा दिग्या, जादूगार झाला. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. बीएस्सी करून तो पुन्हा मेंढरांतच आलाय. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या रेखा मॅडमनी चोर निवडला.

“मॅडम, तुमी? चोर?” शकीलभाईंना धक्काच बसला.

“आठवडाभर चोऱ्या पकडते, शकीलभाई. रविवारी तरी करू द्या!”

वैद्य व्हायला कुणी तयार नव्हतं. सगळे लढणार आणि एकटा पट्ट्या बांधत बसणार, ते कुणाला पाहिजे? त्यावरूनच वाद चालला होता, तेवढ्यात बापू आत आले. बापू जवळच्याच गावचे माजी सरपंच. साठीचे, पांढरा सदरा, टोपी. विहिरीच्या मोटारीसाठी पाईप बघायला आलते.

“कसला क्लास चालवता बे इथं? धाव्वीचा का बाराव्वीचा?”

मॅडम गडबडीत बोलून गेल्या, “चोराचा!”

बापूंनी खुर्ची ओढली. “मग बसतो. चोर लई सांभाळलेत मी.”

सगळे क्लास समजावून सांगितल्यावर त्यांनी क्षणात वैद्य निवडला. मी विचारलं, “बापू, वैद्य कावून? त्याला तर तलवार पण धड चालवता येत न्हाई.”

“इंजिनेर, भांडणात पुढं व्हणाऱ्याला लोक घाबरत्यात. पण दवाखान्यात नेणाऱ्याला मत देत्यात!”

*

या खेळात जादूगार सुरुवातीला अगदीच लेचापेचा असतो. अंगात ताकद नाही, मंत्र एकच, तोही एकदाच चालणार. पहिल्याच रविवारी मी गोष्टीत सहज एक गाव आणलं आणि गावात एक मेंढा सोडला. दिग्याच्या जादूगारानं मेंढ्याला गोंजारायला हात पुढं केला. फासा पडला. मेंढ्यानं धडक दिली आणि जादूगार गार!

दिग्या उठून उभाच राहिला. “अरे, माझं अख्खं आयुष्य मेंढरात गेलं! आन् मी मेंढ्याच्या धडकेनं मरू?”

“मेलास न्हाई, बेशुद्ध हाईस,” मी म्हणालो.

“त्याच्यापेक्षा मेलेलं बरं! घरी कळलं तर मेंढरं चारायला बी पाठवणार न्हाईत मला!”

बापूंनी वैद्यगिरी करून त्याला शुद्धीवर आणलं. पण दिग्याचं तोंड उतरलेलंच. क्लासच फालतू आहे, मला तलवार द्या, असं त्याचं सुरू झालं. तेव्हा बापूंनी दोन्ही क्लास पिकांच्या भाषेत तोलले.

“दिगंबर, योद्धा म्हंजे सोयाबीन. पेरलं की तीन-चार महिन्यांत हातात. जादूगार म्हंजे मोसंबी. आधी काही वरसं नुसतं पाणी पाज. मग बघ!”

दिग्यानं पाणी पाजायचं ठरवलं.

*

आणि मोसंबी आली ना! खेळ पुढं सरकला तशी पात्रांची ताकद वाढली. योद्ध्याची वाढली ती पायरी-पायरीनं, जादूगाराची मात्र थेट मजल्या-मजल्यानं. दिग्या बोट हलवायचा आणि राक्षसांची अख्खी पलटण जळून खाक. शकीलभाई तलवार उपसून दारात पोचेपर्यंत आत नुसती राख.

एका रविवारी शकीलभाईंनी फासा खाली ठेवला. “इंजिनेर, मला एक सांगा. मी नेमका कशाला आलोय? दार उघडायला मॅडम हायत, मारायला दिग्या हाय, मलमपट्टीला बापू. मी काय बैलगाडी हाकू?”

माणूस कधी आवाज चढवत नाही. ते इतक्या हळू बोलले की मला जास्त लागलं. मी आठवडाभर विचार केला आणि नवा नियम काढला: मोठा मंत्र मारला की जादूगाराला थकवा येईल, थोडा वेळ त्याला दुसरा मंत्र मारता येणार नाही.

आता दिग्या भडकला. “म्हंजे इतके दिवस पाणी मी पाजलं, मेंढ्याची धडक मी खाल्ली, आन् आता फळं धरायच्या टायमाला तुमी पाणी तोडता? ही कुठली रीत हाय बे?”

निघूनच गेला. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. फोन उचलेना. शकीलभाईंना उलट अपराधी वाटायला लागलं. “ऱ्हाऊ द्या तो नियम. मी हाकतो बैलगाडी!”

शेवटी बापू दिग्याच्या वस्तीवर गेले. त्याच्या मळ्यात मोसंबीची खरोखरची थोडी झाडं आहेत, त्याच बांधावर दोघं बसले म्हणे. बापू खेळाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. फक्त झाडांकडं बघून विचारलं, “यंदा पाणी तोडलं का न्हाई?”

“तोडलंय की बापू. ताण दिल्याबिगर बहार कसा धरंल?”

बापू नुसते त्याच्याकडं बघत राहिले.

रविवारी दिग्या हजर! तेव्हापासून आमच्या खेळात त्या नियमाचं नावच ‘ताण’ आहे.

*

रेखा मॅडमची तक्रार वेगळी होती. चोर कुलपं उघडण्यात पटाईत, पण मी गोष्ट जंगलात नेली होती. जंगलात कसली कुलपं? मॅडम अभ्यास करून आल्या आणि मुद्देसूद मांडायला लागल्या. शाळेची सवय!

“हे बघा, समोरासमोर मी मार खाते. पण अंधारात लपून मागून वार केला, तर तो तिप्पट धरला पाहिजे. आणि सुरीला विष लावलं, तर वेगळा हिशोब!”

शकीलभाई म्हणाले, “मागून वार करायला माझी ना न्हाई. पण प्रेताचं काय करायचं ते आधी ठरवा. मागच्या टायमाला सगळं माझ्याच अंगावर आलं!”

“ओढ्यात टाकू,” दिग्या म्हणाला.

एवढ्यात माझं लक्ष काउंटरकडं गेलं. पाईपच्या वळणाला लागणारा एल्बो न्यायला आलेला एक माणूस, एल्बो हातात तसाच धरून, पुतळ्यासारखा उभा. मी “काय पाहिजे?” म्हणेपर्यंत एल्बो ठेवून तो पसार!

त्याची मुलगी मॅडमच्या वर्गात. दुसऱ्या दिवशी गडी शाळेत गेला, मॅडमना बाजूला घेतलं आणि हात जोडून म्हणाला, “मॅडम, जमिनीचं मॅटर असंल तर आधी चार माणसांत बसून बोला. तुमच्यावर लेकरं अवलंबून हायत!”

*

बापूंच्या वैद्यानं मात्र खेळाचा पार तोल घालवला. लढाई संपली की नियमाप्रमाणं आपल्या माणसांना बरं करायचं. बापू आपल्यांना तर करायचेच, पण जखमी पडलेल्या दरोडेखोरांनाही करायचे!

“बापू, ते दुश्मन हायत!” दिग्या ओरडायचा.

“व्हते. आता आपले हायत. काय रे, घरी कोण-कोण असतं?” दरोडेखोराच्या वतीनं मला उत्तर द्यावं लागायचं. त्याची बायको, पोरं, म्हातारी आई, सगळं मला तिथल्या तिथं जुळवावं लागायचं. बापू पुढच्या खेपेला प्रत्येकाची नावानिशी चौकशी करायचे.

हळूहळू आमच्या टोळीमागं बऱ्या झालेल्या दरोडेखोरांची एवढी मोठी फौज जमली की राक्षस लढायच्या आधीच पळायला लागले. योद्ध्याला काम नाही, जादूगाराला नाही, चोराला नाही. इतकी वर्षं लोक म्हणतात वैद्याचा क्लास कमजोर!

मग मी नियम काढला: मोहीम संपेपर्यंत बाहेरच्या कुणालाही औषध, अन्न, कांबळं, काहीही वाटायचं नाही.

बापूंनी टोपी काढून टेबलावर ठेवली. “सरळ सांग ना बे, आचारसंहिता लागली!”

*

तर, मागं बापूंच्या गावची निवडणूक झाली. बापू सरपंचपदाला पुन्हा उभे होते. प्रचारामुळं बरेच दिवस खेळायला आले नाहीत. आणि पडले. थोडक्यातही नाही, चांगलेच पडले.

आता काय येतात, असं आम्ही धरून चाललो होतो. रविवारी दुपारी बापू आले. इस्त्रीचा सदरा, टोपी. खुर्ची ओढून बसले. दिग्या उगाच फासे पुसत बसला.

“करा की चालू,” बापू म्हणाले. “कुणाची वाट बघताव?”

आणि माझी पंचाईत झाली. त्या दिवसाची गोष्ट मी निकालाच्या आधीच बांधून ठेवली होती. आमच्या टोळीनं एका गावाला राक्षसाच्या तावडीतून सोडवलंय, गावचा म्होरक्या लढाईत मेलाय, आणि गावकरी म्हणतात, तुमच्यातला एक जण आमचा म्होरक्या व्हा! दुसरं काही सुचेना. सांगून टाकलं. मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं की मी शाळेत असतो तर अंगठे धरून उभा राहिलो असतो.

पण सावरलंही त्यांनीच. “यात विचार कसला? म्होरक्या वैद्यच पाहिजे. योद्ध्याला घाई फार, जादूगाराला घमेंड, आणि चोराचं तर विचारूच नका.”

“बराबर! वैद्यच!” दिग्या म्हणाला.

“मंजूर,” शकीलभाई म्हणाले.

कुठला क्लास भारी, यावर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

बापूंनी एकेकाकडं बघितलं. “कावून बे? आजवर माझ्या वैद्याला तुमी पिशवी सांभाळणारा म्हणत व्हते. आज एकदम समद्यात भारी कावून?”

दिग्या पुन्हा फासे पुसायला लागला.

“फासा टाका. समद्यांनी टाका. ज्याचा मोठा पडंल त्यो म्होरक्या.”

मॅडमना सात पडले. दिग्याला पाच. शकीलभाईंना अठरा पडले आणि बिचारे चोरी पकडली गेल्यासारखे खाली बघायला लागले.

बापूंनी फासा दोन्ही हातांत घोळवला आणि टाकला. तो टेबलावरून उडाला, पाईपांच्या बंडलामागं गेला. दिग्या पळत जाऊन वाकला.

“वीस! बापू, वीस पडले!”

बापू उठले. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश वाकून त्यांनी बंडलामागं बघितलं.

“तीन हाय.”

“तिथं फरशी वरखाली आहे, बापू,” मॅडम घाईनं म्हणाल्या. “तो धरायचा नाही. परत टाका.”

“न्हाई. मोजणी झाली.”

बापू परत येऊन बसले. खुर्ची शकीलभाईंकडं वळवली. राक्षसाशी लढताना शकीलभाईंच्या योद्ध्याच्या मांडीवर कुऱ्हाड बसली होती. बापूंनी आधी हात जोडले, मग बाह्या वर सारल्या.

“सरपंच, पाय इकडं करा. जखम अजून ओली हाय.”

शकीलभाईंनी गडबडीत खरोखरच टेबलाखालून पाय पुढं काढला.