वेशीबाहेरच्या हायस्कुलाने सोडलेलं लोण

आमचं हायस्कूल वेशीबाहेर होतं आणि ते पागेत भरत असे. ही गोष्ट लपवता येण्यासारखी नव्हती. वर्गांच्या भिंतींत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या तशाच होत्या. दमट हवा पडली की जमिनीतून जुन्या लिदीचा वास वर येई आणि गणिताचे मास्तर नाकाला उपरण्याचं टोक लावून त्रैराशिक सांगत. कोल्हापूरच्या महाराजांनी घोडे दुसरीकडे हलवले, जागा शाळेला दिली आणि एका हुकमाने ज्यांच्या घरात कुणी कधी पाटी धरली नव्हती त्यांची पोरं तिथे येऊन बसली. शहरातल्या एका जुन्या हायस्कुलातली मुलं आम्हाला ‘तट्टं’ म्हणत. रस्त्यात दिसलो की जिभेने टक्‌टक् करत, टांगेवाला करतो तसं.

मला ते कधी लागलं नाही. माझा बाप शाहूपुरीतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचा. शाई फुटलेले, तिरके छापले गेलेले कागद तो घरी आणी, आणि ती बहुतेक पत्रकंच असत. एकात सभेचं बोलावणं, दुसऱ्यात धर्माच्या नावाने चाललेल्या लबाडीवर आसूड, तिसऱ्यात शिक्षणाच्या हक्काची मागणी. मी अक्षरं त्यांवरच शिकलो. आई त्यांत मिरच्या बांधून ठेवी आणि मी मिरच्या ओतून कागद वाचत बसे. ‘बंधूंनो, जागे व्हा’ हे मला ‘शुभं करोति’च्या आधी पाठ झालं. पण पत्रकात जे असे ते सगळं पुढे कधीतरी होणारं असे. झालेलं, उभं असलेलं, हाताने चाचपता येईल असं मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या पागेत.

तिथे एका बाकावर चौघं बसत. करवीरच्या आसपासच्या खेड्यांतून भाकरी बांधून चालत येणारा कुणब्याचा पोरगा, इचलकरंजीच्या कोष्ट्याचा मुलगा, पिंजाऱ्याचा मुलगा आणि महारवाड्यातला मुलगा. इतिहासाचे मास्तर छडी काढत तेव्हा बाकाच्या एका टोकापासून सुरुवात करत आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्यांच्या हाताचा जोर तिळभर कमी होत नसे. समतेचा इतका पक्का पुरस्कर्ता मी पुढे कुठल्याही व्यासपीठावर पाहिला नाही.

मैदान आम्हीच केलं. पागेमागे बाभळी आणि दगडांचा माळ होता. शनिवारी दुपारी प्रत्येक वर्ग आपापला तुकडा साफ करी. बोर्डिंगच्या चुलीतली राख पोत्यात भरून आणायची आणि तिने आट्यापाट्यांच्या रेघा ओढायच्या. हा खेळ आमचा जीव होता. मैदानात आडव्या पाट्या, म्हणजे आखलेल्या रेघा. प्रत्येक पाटीवर एक अडवणारा. त्याने पाटी सोडायची नाही, आणि समोरून येणाऱ्याने त्याचा हात अंगाला लागू न देता एकेक पाटी ओलांडायची. हात लागला की बाद. सगळ्या पाट्या ओलांडून, शेवटच्या लोणपाटीला वळसा घालून जो सुखरूप परत येईल त्याने लोण आणलं.

लोण आणावं तर आमच्या एकाच गड्याने. तो बिद्रीकडच्या एका खेड्यातला, महारवाड्यातला. बोर्डिंगात राहायचा. डोकं डावीकडे झुके आणि अंग उजवीकडून निघून जाई. आमचा कप्तान पिंजाऱ्याचा मुलगा, त्याच्या केसांत कायम कापसाचे तंतू अडकलेले असत. तो म्हणे, “ह्याला धरायचं म्हंजे धुराला गाठ मारायची.”

त्या वर्षी त्या जुन्या हायस्कुलाने आम्हाला सामन्याला बोलावलं. त्यांच्या मैदानावर, शहरात. आम्ही धुतलेले सदरे घालून गेलो. माणसं भरपूर जमली होती. पंच म्हणून पलटणीतून उतरलेले एक सुभेदार उभे होते, त्यांच्या मिशांकडे पाहूनच पोरं सरळ रांगेत उभी राहिली.

त्यांच्या कप्तानाने आमच्या रांगेवरून नजर फिरवली आणि आमच्या गड्यापाशी थांबला.

“हा कुठला?”

“आमच्यातला,” आमचा कप्तान म्हणाला.

“जात विचारतोय मी.”

गड्याने स्वतःच सांगितली. आवाज खणखणीत, मास्तरांनी हजेरी घेतल्यावर देतात तसा. त्यांच्या मुलांत कुजबुज झाली. खेळत नाही असं म्हणायची त्यांची छाती नव्हती, कारण ते महाराजांच्या कानावर जायला वेळ लागला नसता. त्यांनी दुसरीच तोड काढली, ती आम्हाला डाव सुरू झाल्यावर कळली.

पहिली पळायची पाळी आमची. मी दुसऱ्याच पाटीवर बाद झालो. कप्तान मधल्या पाटीपर्यंत गेला आणि पाठीवर थाप खाऊन परतला. एकेक करून सगळे गेले. शेवटी आमचा गडी एकटा उरला.

तो पहिल्या पाटीवर झेपावला आणि अडवणाऱ्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. अंग चोरून बाजूला झाला. दुसऱ्याने तेच केलं, तिसऱ्यानेही. चौथ्या पाटीला गड्याचा वेग मंदावला. लोणपाटीला तो चालत पोचला आणि चालतच परत आला. त्याच्या दोन्ही बाजूंनी वाट मोकळी होत होती, जशी त्याच्या बापाला गावच्या रस्त्यावर व्हायची.

आमची पोरं नाचायला लागली. “लोण! लोण!” सुभेदारांनी हात वर केला.

गडी सरळ त्यांच्यापाशी गेला. “सुभेदारसाहेब, हे लोण धरू नका.”

“का रं?”

“मला कुणी अडवलंच न्हाय. बाजाराला गेल्यागत जाऊन आलो. ह्याला काय खेळ म्हणायचं?”

आमचा कप्तान धावत आला. “येडा का खुळा तू? आयतं लोण पदरात पडलंय, गप घे की!”

“तुला दिलं असतं असलं लोण?”

“मला दिलं न्हाय म्हणूनच सांगतोय!”

“तुला देणारच न्हाईत. तुला धरत्यात.”

कप्तानाचा हात आपसूक पाठीकडे गेला. तो धरला गेला होता, पाठीवरची थाप अजून चुरचुरत असणार. आमच्या गड्याला हवी होती ती तीच थाप. बाकी सगळं त्याला महाराजांच्या हुकमाने मिळालं होतं: बाक, पाटी, बोर्डिंगातली भाकरी. हे मात्र कुणाच्या हुकमाने मिळणार नव्हतं, ते मैदानातच मिळवायला हवं होतं.

सुभेदार म्हणाले, “नियमानं लोण झालंय. पाटीवरचा अडवत नसंल तर तोटा त्याचा. पण तुम्हालाच नको असलं तर मी बळंच देत न्हाय. बोल कप्तान.”

कप्तानाने आमच्याकडे पाहिलं, गड्याकडे पाहिलं, बाजूला थुंकला. “नको म्हणतोय तर नको. पुन्ना पळू दे त्याला.”

गडी परत पहिल्या पाटीसमोर उभा राहिला. हाताच्या अंतरावर.

“धर.”

अडवणारा उंच, गोरा मुलगा होता. तो स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

“अरं धर की! पळून जाईन म्हणून भ्यालास व्हय?”

“सोड त्याला, जाऊ दे!” त्यांचा कप्तान लोणपाटीवरून ओरडला.

“मी जात न्हाय,” गडी म्हणाला. “तू धरत न्हाईस, मी जात न्हाय. बसू दिवाळीपतोर.”

आता प्रेक्षक खवळले. कोल्हापूरचं माणूस एक वेळ जेवण चुकलं तर सोसेल, पण खेळ अडला की त्याचं डोकं फिरतं. मागून कुणीतरी ओरडलं, “ए बाळ, अडवायला हुबा हायस का लग्नात अक्षता टाकायला?” दुसरा म्हणाला, “दक्षिणा द्या रं त्याला, मग हलंल!” हशा झाला. त्या मुलाचे कान लाल झाले.

मग गड्याने बोलणं थांबवलं आणि खेळायला सुरुवात केली. डोकं डावीकडे टाकलं, अंग उजवीकडे. पुन्हा उलट. पाटीवरचा मुलगाही कच्चा नव्हता, लहानपणापासून याच खेळात वाढला होता. समोर असा गडी हुलकावणी देत असताना हात पाठीशी बांधून ठेवणं त्याला जमलं नाही. तिसऱ्या हुलकावणीला त्याचा हात सुटला आणि गड्याच्या खांद्यावर असा बसला की आवाज आमच्यापर्यंत आला.



“बाद!” सुभेदार गरजले.

“आत्ता कसं!” म्हणत आमचा गडी खांदा चोळत, हसत बाहेर आला. लोण आणल्यावरही इतका खुश झालेला मी त्याला पाहिला नव्हता.

“जा, आंघोळ कर आधी!” त्यांच्यातलाच एक जण ओरडला.

उंच मुलाने तळहात पाहिला, धोतराला पुसला नाही. म्हणाला, “करीन. पण डाव संपल्यावर. मध्ये जाणार नाही.”

त्यानंतर सामना खरा रंगला. त्यांची पळायची पाळी आली तेव्हा लोणपाटीवर आमचा गडी उभा होता. त्याने ज्यांना बाद केलं त्यांच्यापैकी कुणी पाय मागे घेतला नाही. एकाने मात्र त्याच्या हाताखालून लोण नेलं आणि आम्ही त्या एका लोणाने हरलो. जे सोडलं होतं ते धरलं असतं तर बरोबरी झाली असती. परतीच्या वाटेवर कप्तान दिसेल तो दगड लाथाडत चालला होता. आमच्यातली काही पोरं उघड कुरकुरत होती. गडी सगळ्यांच्या पुढे चालत होता आणि त्याला कसलीच घाई नव्हती.

आज लोक आमच्या हायस्कुलाचा मोठेपणा सांगतात तेव्हा मॅट्रिक झालेल्यांची नावं घेतात. घ्यावीत, ती आम्हीच कमावली आहेत. पण मला कुणी विचारलं की तुमच्या शाळेने काय केलं, तर मी या हरलेल्या सामन्याचं सांगतो. अधिकार दान म्हणून घेऊ नका, असं पत्रकांत मी शेकडो वेळा वाचलं होतं. आमच्या पोरांनी ते एका दुपारी, भरल्या मैदानात, नुकसान सोसून करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी विचारलं, “सामन्याचा निकाल?”

कप्तान उठला. “हरलो, मास्तर. एका लोणानं.”

“एक लोण तुम्ही सोडलंत म्हणे?”

“व्हय.”

“का?”

कप्तानाने मागे वळून गड्याकडे पाहिलं. आम्हाला वाटलं, आता कालचा राग निघणार. “ते खेळून मिळालं नव्हतं, मास्तर,” तो म्हणाला. “आमच्या गड्याला धरायला कुणी तयार नव्हतं. मग आम्ही धरायला लावलं.”

“आणि धरल्यावर?”

“धरल्यावर काय, पहिल्याच पाटीवर बाद झाला की! एवढी मिजास करून!”

अख्खी शाळा हसली, गडी सगळ्यांत मोठ्याने. हेडमास्तरांनी कुणाला गप्प केलं नाही. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, “पुढचा सामना आपल्या मैदानावर. त्यांचा पहिल्या पाटीवरचा मुलगा काल संध्याकाळी मला वाटेत भेटला. विचारत होता, तो पळणारा असेल ना?”

मागच्या रांगेतून आवाज आला, “असणार की!”