माळढोकाचा कोट

वडील अकोल्याला शिवणकाम करत. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. अमरावतीला पाठवताना त्यांनी बजावलं होतं, "तुह्या हातात सुई दिसली तर कालेज बंद. मंग दुकानातच बस."

दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनात पोशाखांची स्पर्धा होती. प्राणिशास्त्राच्या सरांनी विषय दिला : आपल्या भागातून नाहीसे होत चाललेले प्राणी. बाकीच्यांनी पुठ्ठ्याचे मुखवटे केले. मला मात्र खरोखर अंगात घालता येईल असं काहीतरी करावंसं वाटलं. सरांच्या पुस्तकात माळढोकाचं चित्र होतं. त्यावरून मी कोट बेतला; पाठीला बारीक रेघांचं तपकिरी कापड, पुढे पांढरा मांजरपाट आणि त्यावर आडवा काळा पट्टा. घरमालकीणबाईंनी त्यांचं मशीन वापरू दिलं.

स्पर्धेच्या सकाळी मी खोलीत बटणं लावत बसलो होतो. दारात वडील उभे. न कळवता आलेले, हातात चिवड्याचा डबा. दोरा दातांत धरलेला, त्यामुळे मला बोलताही येईना.

"हे काय करून राहिला रे?"

मी चाचरत सांगितलं. माळढोक कमी होत चाललेत, सर म्हणतात पुढच्या पिढीला दिसतील की नाही, म्हणून हा कोट.

त्यांनी कोट घेतला, उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. मी मनातल्या मनात वळकटी बांधायला लागलो होतो.

"माळढोक पाह्यला काय कधी?"

"नाही. चित्रातच."

"मी पाह्यला. मूर्तिजापूरच्या बाजाराले जाताना, माळावर. गाडी थांबवून पाहत होतो आमी." मग कोट सुलटा करत म्हणाले, "पट्टा छातीवर असते त्याले. तू पोटावर लावला. हा माळढोक नाही, कचेरीतला पट्टेवाला झाला!"

ते खाटेवर बसले आणि पट्टा उसवू लागले.

"अन् कालेज?" मी भीत भीत विचारलं.

"कालेजचंच काम हाय ना हे? अन् सुई तं मी धरून राहिलो. तू कापड धर नीट."

मी धरलं. 

बक्षीस बिबट्याच्या मुखवट्याला मिळालं. मला त्याचं काही वाटलं नाही. सोमवारी मी वर्गात होतो.