बापूरावांचा अर्धा मण

मोंढ्यात पोती उलटली की दाणे सांडतात, आणि दिवस मावळायच्या आत झाडणाऱ्या बाया ते गोळा करून नेतात. किस्से मात्र कुणी झाडून नेत न्हाई. ते तिथंच साचतात! जुन्या जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मी आडतीवर गुमास्ता होतो. इतकी वर्षं गादीवर बसून ज्वारी किती पाहिली ते आता आठवत न्हाई. पण बापूराव दलालांनी कुठल्या दिवशी किती भजे खाल्ले ते विचारा. तोंडपाठ!

बापूराव म्हणजे आमच्या मोंढ्याचा मोठा दलाल. घेणारा आणि विकणारा यांचा सौदा जुळवायचा, हा धंदा. तो जुळायचा उपरण्याखाली. दोघांनी उपरण्याखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडातून ब्र काढायचा न्हाई. आणि नजर आभाळाकडं! चेहऱ्यावरून कुणाला भावाचा वास लागला तर दलाली कसली?

माणूस लई गोड. फक्त तो येताना आधी पोट यायचं, मंग बापूराव.

*

हकीमसाहेबांच्या दवाखान्याला सात पायऱ्या होत्या. एकदा बापूराव चौथ्या पायरीवर बसले ते बसलेच. तिथूनच त्यांनी हात वर केला, "हकीमसाहेब, नाडी इथंच बघा!"

हकीमसाहेब खाली उतरले. नाडी पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, "सेठ, दिल थक गया है. आधा मण वजन कम करो. नहीं तो सीढ़ी की जरूरतच नहीं, सीधे ऊपर जाओगे!"

आता अर्धा मण कमी करायचा, तर आहे किती हे तर कळायला पाहिजे? हकीमसाहेबांचा तराजू तोळ्या-माशाचा. तेव्हा आम्ही बापूरावांना घेऊन आलो मोंढ्यात, पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर. आमचे तोलारी रहीमचाचा. त्यांनी एका पारड्यात बापूराव बसवले, दुसऱ्यात मापं टाकत गेले. भरले किती? बरोबर तीन मण! म्हणजे एक पल्ला. छटाक कमी न्हाई, छटाक जास्त न्हाई.

रहीमचाचा काट्याकडं बघतच राहिले. "चालीस साल में इतना बराबर माल नहीं देखा!"

आणि मंग सवयीनं त्यांनी गेरूत बोट बुडवून तोललेल्या पोत्यावर मारतात तशी खूण मारली. बापूरावांच्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर. "मण ३."

तसाच कोट घालून बापूराव घरी गेल्ते!

*

बापूरावांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. वहिनी वाटूरच्या. दलालाचीच लेक, अंगानं नुसती काडी. कोट खुंटीला लावताना त्यांनी खूण वाचली.

"तोललं का तुम्हाला?"

बापूरावांना हकीमसाहेबांचं सगळं सांगावं लागलं. वहिनी रडल्या न्हाईत, ओरडल्या न्हाईत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही अडीच मणावर येईस्तोर मी एकभुक्त. दिवसातून एकच डाव जेवीन."

"अगं, तू कशाला? तुझ्यात हाय काय कमी करायला?"

"तुम्हाला सोताच्या पोटाची कीव येत न्हाई. माझ्या पोटाची येती का बघू."

दुसऱ्या दिवशी बापूराव गादीवर येऊन बसले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "गुमास्ते, आता मी भजं खाल्लं की ती उपाशी राहती. असा सौदा म्या जन्मात न्हाई केला." बोलताना डोळ्यांत पाणी होतं. पण नाक मात्र गणपतच्या हॉटेलाकडं वळलेलं!

*

गणपतचं हॉटेल मोंढ्याच्या कोपऱ्यावर. सौद्यांच्या घाईत कुणाला जेवायला घरी जायला फुरसत न्हाई, म्हणून सगळा मोंढा तिथं उभ्या उभ्याच खायचा. कढईतून पानावर, पानावरून तोंडात.

हकीमसाहेबांनी बजावलं होतं, बाहेर खायचंच तर मुरमुरे खा, काकडी खा, ताक प्या. तळलेलं बंद. बापूरावांनी मान डोलावली आणि गणपतला म्हणाले, "तराजू आण."

एक काकडी तोलली. भरली पावशेर. चार तळलेले पापड तोलले. छटाकभर पण न्हाईत!

"बघा!" बापूराव सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "पोत्यात जेवढं घालावं तेवढंच पोतं भरतं का न्हाई? मंग पावशेर काकडी पोटात घालू का छटाकभर पापड? अन् ताक? तांब्याभर ताक म्हणजे शेरभर वजन! हकीमसाहेबांना औषधातलं कळतं, मालातलं कळत न्हाई."

आणि खरं सांगतो, आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मोंढ्यातली माणसं आम्ही. हिशेब बिलकुल बराबर वाटला!

पंधरा दिवस बापूरावांनी पापड, शेव आणि बुंदी खाल्ली. काकडीला हात लावला न्हाई. पंधरा दिवसांनी काट्यावर बसले, तर दोन शेर वाढलेले! बापूराव रहीमचाचांवर उखडले, "चाचा, काटा दुरुस्त करून घ्या!"

*

मंग त्यांनी मिरची भजं धरलं. वरचं बेसन सोलून बाजूला ठेवायचं आणि आतली मिरची तेवढी खायची. "मिरची म्हणजे भाजीच की!"

तिसऱ्या मिरचीला डोळे लाल, कान लाल, उचकी सुरू. "गणपत... पाणी! जल्दी पाणी!"

गणपत तांब्या हातात धरून शांतपणे म्हणाला, "बापूराव, पाणी शेरभर भरतंय."

*

दर अमावस्येला मोंढा बंद, म्हणून त्या दिवशी त्यांचं वजन व्हायचं. आता मोंढ्याची रीत अशी, की पोतं तोललं की रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायचं. त्याला बारदाना म्हणतात. बापूरावांनी ती रीत बरोबर हेरली. एका अमावस्येला आले ते दोन कोट, घोंगडी, पगडी आणि नाल ठोकलेले जोडे घालून. ऐन उकाड्यात!

"चाचा, बारदाना दहा शेर धरा."

रहीमचाचांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हौ सेठ, धरता. पहले बारदाना खाली करो."

एकेक कपडा उतरवून वेगळा तोलला. बारदाना भरला पाच शेर. नुसत्या धोतरानिशी बसलेले बापूराव पारड्यातून ओरडले, "चाचा, धोतर तरी धरा की!"

*

आता सगळा मोंढा त्यांच्यावर नजर ठेवून. बापूराव हॉटेलाकडं वळले की दहा जण ओरडायचे, "वहिनी उपाशी हायेत!" त्यामुळं उघड ऑर्डर द्यायची सोय राहिली न्हाई. पण दलाल तो दलालच! गणपत हॉटेलाच्या दारात उभा, बापूराव त्याच्याजवळ, दोघांचे हात उपरण्याखाली, दोघांची नजर आभाळात. तीन बोटं दाबली की तीन भजे. मंग गणपत पुडी आणून द्यायचा, अगदी धान्याच्या नमुन्याची असते तशी. आम्हाला वाटायचं, गणपत बेसनासाठी हरभरा बघून राह्यला.

एक दिवस घनसावंगीचा एक व्यापारी मधे घुसला. "हरभऱ्याचा नमुना का? बघू!" म्हणून त्यानं पुडी ओढली, उघडली, न बघताच आतला माल तोंडात टाकला. चावला. आणि भर मोंढ्यात म्हणाला, "बापूराव, माल चांगलाय. पण तळून आल्ता का शेतातूनच?"

*

आम्ही दिवसभर हसलो. बापूराव पण हसले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की आडावर पाणी शेंदताना वहिनींना चक्कर आली.

बापूरावांना पळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. परत आले ते थेट माझ्याकडं. गळ्यातलं उपरणं काढून माझ्या हातात दिलं. "गुमास्ते, हे तुमच्यापाशी ठेवा. सौद्यापुरतं देत जा. मला माझाच भरवसा न्हाई." मी ते घडी घालून गादीखाली ठेवलं.

तिथून पुढं मुरमुरे, काकडी, ताक. गणपत भज्यांचा घाणा काढायचा तेव्हा बापूराव मोंढ्याला चकरा मारायचे, नाकाला धोतराचा सोगा लावून!

*

आणि ती शेवटची अमावस्या. अख्खा मोंढा काट्याभोवती. वहिनी पण आल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन एका बाजूला उभ्या. रहीमचाचांनी अडीच मणाची मापं ठेवली. बापूराव पारड्यात बसले. पारडं किंचित खालीच!

रहीमचाचांचा हात हळूच दांडीकडं गेला. बापूराव म्हणाले, "चाचा, हात लावू नका. बराबर तोला. तिच्या जेवणाचा सवाल हाय."

सगळ्यांच्या नजरा दांडीवर. तेवढ्यात रहीमचाचा ओरडले, "अरे सेठ, सांस तो छोडो!"

बापूरावांनी धरून ठेवलेला श्वास सोडला. पारडं हललं, डुललं आणि आलं की बराबरीला! असा गलका झाला म्हणता! रहीमचाचांनी गेरूत बोट बुडवलं आणि बापूरावांच्या उघड्या पाठीवर लिहिलं, "मण २॥."

गणपत भज्यांचं ताट घेऊनच उभा होता. सहा भजे, गरमागरम. बापूरावांनी अंगात सदरा चढवला, माझ्याकडून उपरणं मागून घेतलं. वहिनींसमोर उघड मागायची हिंमत कुठली? त्यांनी ताटाच्या दिशेनं उपरण्याखाली हात पुढं केला आणि नजर लावली आभाळाकडं.

उपरण्याखाली दुसरा हात आला. बापूरावांनी चार बोटं दाबली. समोरून एक. बापूरावांनी तीन दाबली. समोरून एकच.

"गणप्या, माजलास का?" बापूराव आभाळाकडं बघत कुजबुजले. दोन बोटं दाबली. पुन्हा एक! "अन् हात कधीपासून धुवायला लागला रे तू?"

आम्ही सगळे ओठ दाबून उभे. बापूरावांनी नजर खाली आणली. गणपत तर हातभर लांब उभा होता. समोर वहिनी होत्या, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या, आणि नजर अशी आभाळात, की वाटूरच्या बापाचं नाव राखलं!

"एक तुम्हाला, अन् मला..." वहिनी म्हणाल्या.

हात काही उपरण्याखालून काढला न्हाई. तसंच आभाळाकडं बघत त्यांनी आणखी एकदा बोटं दाबली. पाची!

उभ्या आयुष्यात घासाघीस केल्याशिवाय एक सौदा न केलेले बापूराव म्हणाले, "मंजूर!"